मागची डावी बाजू

१

“कुणीतरी या गाडीला हात लावलाय, आणि ते कबूल करायची हिंमत त्याच्यात नाही!”

पराग हे चांगलं मोठ्याने, रागाने बोलला. ऐकायला मात्र कुणीच नव्हतं. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या घराच्या पोर्चमध्ये तो गाडीखाली उताणा पडला होता. छातीवर टॉर्च, हातात पाना, आणि नाकापासून वीतभर अंतरावर बाबांच्या अँबेसिडरचा, इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट. पलीकडच्या रुळांवरून एक मालगाडी गेली. खिडक्यांची तावदानं खुळखुळली आणि शांत झाली. ती थरथर त्याला ओळखता येत होती. गाडीतली ओळखता येत नव्हती.

गाडी चौऱ्याहत्तर सालची. गेले तीन महिने त्याने तिचा एकेक नट सोडवून, धुऊन, मोजून परत बसवला होता. मोजल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा हट्ट. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात त्याला न तपासलेल्या गिअरांच्या तक्त्यावर सही मागितली, तेव्हा त्याने त्याच दुपारी राजीनामा लिहून दिला होता. वय सव्वीस. घाई स्वभावातच. आपलं काय होणार याचा विचार त्याने बसमध्ये बसल्यावर केला.

बाबांना, म्हणजे हणमंतरावांना, जाऊन मंगळवारी वर्ष होणार होतं. आई सहा महिन्यांपूर्वीच पुण्याला शिल्पाताईकडे राहायला गेली होती. श्राद्ध तिथेच करायचं ठरलं होतं. “घर सोड, गाडी विकून टाक आणि रेल्वेने ये,” असं आई दर फोनला सांगायची. परागने तिला शब्द दिला होता : रविवारी सकाळी निघेन आणि बाबांची गाडी स्वतः चालवत तुझ्या दारात आणून उभी करीन.

आज बुधवार होता, आणि गाडी साठच्या वेगाला थरथरत होती.

२

साधं दुखणं असतं तर त्याने एका दिवसात काढलं असतं.

छप्पन-सत्तावन्नला सीटखाली सुरुवात व्हायची. साठला पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा, आतला आरसा हलायचा, त्यातलं सगळं पुसट व्हायचं. पंचाहत्तरच्या पुढे सगळं गायब. त्याने साठला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडली. इंजिन शांत झालं, थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. स्टिअरिंग स्थिर होतं, म्हणजे पुढची चाकं नाहीत. मागची चाकं दोनदा बॅलन्स करून घेतली. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस नवे टाकले. शाफ्ट काढून गौलीगुड्याला अंबाजी मिस्त्रीच्या लेथवर फिरवून पाहिला. खडू जवळ धरला तर सगळीकडे सारखाच घासला. शाफ्ट सरळ होता.

त्याच्या वहीत सगळ्या कारणांवर काट मारून झाली तेव्हा एकच नोंद उरली. ती लिहिताना त्यालाच लाज वाटली.

‘उप्पलच्या रस्त्याला येते. मेहदीपट्टणमच्या पुलावर येत नाही.’

तीन वेळा इकडे, तीन वेळा तिकडे. पहाटे सहाला निघायचं, रामंतापूरवरून उप्पल ओलांडून घटकेसरपर्यंत. साठला थरथर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मेहदीपट्टणमहून विमानतळाकडे जाणाऱ्या उंच पुलावर. साठला लोण्यासारखी. त्याने रस्त्याला दोष दिला. मग त्याच रस्त्यावर एक भाड्याची टॅक्सी करून गेला, डोळे मिटून, तळवे सीटवर टेकून. रस्ता निर्दोष होता. टॅक्सीवाल्याने मात्र आरशातून त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

गाडीला रस्ता कळत नाही, असं त्याने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

३

गुरुवारी त्याने अंबाजीला बरोबर घेतलं. अंबाजी गौलीगुड्यातला जुना मिस्त्री. बाबांच्या वेळेपासून ही गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. गुडघे दुखतात म्हणून तो पाय लांब करून मागे बसला, डाव्या बाजूला.

“पुलावर कायकू नेतोस रे? तिथं तर काही होत नाही म्हणालास.”

“मामा, तुलना करायची असते. शांत बसा.”

“बसलोच की. तुझ्या बाबासारखा मुक्यानं चालवत जा ना जरा. त्यांचं तोंड बंद, पाना चालू. तुझं सगळं उलटं.”

सूर्य नुकता वर आला होता. पूल मोकळा होता. पन्नास. पंचावन्न. आणि मग त्याच्या मांड्यांखाली ते सुरू झालं. पायाखालचा पत्रा गुणगुणला. आरसा हलला. अंबाजीचा पांढरा सदरा आरशात पुसट झाला.

“आली!” पराग ओरडला. “मामा, आली! पुलावर आली!”

“अरे ओरडतोस काय, पोरगी झाल्यावानी!”

त्याला इतका आनंद झाला की गाडी बाजूला घेऊन त्याने बॉनेटवर थाप मारली. सगळं लख्ख झालं होतं. मागे माणूस बसला की कमानीचे जुने पाटे दबतात. पाटे दबले की मागच्या चाकांमधल्या हौसिंगचं तोंड किंचित वर होतं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. म्हणून थरथर. दोष शाफ्टचा नाही, कोनाचा आहे. गाडी रिकामी असली की शांत, मागे बोजा आला की थरथरते. इतकं सोपं होतं ते.

अंबाजीने मागेच बसून बिडी पेटवली. एक झुरका घेतला, मग हसला.

“मागं कुणी बसलं की थरथरती म्हणायलास ना?”

“हो.”

“मग उप्पलला तू एकलाच जातोस तवा मागं कोण बसायलंय?”

४

शुक्रवारी पहाटे तो टेप घेऊन निघाला.

आधी पोर्चमध्ये, सपाट फरशीवर, मागच्या चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. डावं आणि उजवं सारखं. मग दर थोड्या अंतरावर, जिथे सपाट जागा मिळेल तिथे थांबून तेच माप. अंबरपेटला, एका बंद दुकानासमोर : सारखं. पुढे एका शाळेच्या फाटकाशी : सारखं. दूधवाल्यांना वाटलं याचं काही हरवलंय. एकाने विचारलंही, “क्या ढूंड रै, भाई?” परागने मान हलवली.

रामंतापूरच्या बसथांब्याशी गतिरोधक आहे, तिथे फक्त वेग कमी केला. थांबला नाही. पुढच्या पेट्रोल पंपाच्या सिमेंटवर गाडी लावली, मागे गेला, गुडघ्यावर बसला, टेप धरला.

डावी बाजू बावीस मिलिमीटर खाली.

त्याने परत मोजलं. बावीस. टेपचं टोक नीट बसलंय का ते बोटाने चाचपलं. टायरमधली हवा पाहिली. पंपावर पाणी मारणारी बाई थांबून त्याच्याकडे बघत होती. आपण गाडीच्या मागच्या काचेतून आत बघत नाही आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. बघायला काय हरकत होती? काच त्याच्या डोक्याच्या थोडी वर होती, नुसतं उठून उभं राहायचं होतं. तो वाकलेलाच उजवीकडून पुढे गेला आणि स्टिअरिंगवर बसला.

घरी आल्यावर माप परत सारखं झालं होतं.

पाण्याचे वीस लिटरचे कॅन घरात होते. त्याने एक मागच्या सीटवर डावीकडे ठेवला. मोजलं. दुसरा. मोजलं. तिसरा ठेवताना सीटच्या आतल्या स्प्रिंगा कुरकुरल्या. हा आवाज त्याच्या लहानपणाचा होता. बावीस मिलिमीटर.

साठ किलो.

तो पोर्चच्या पायरीवर बसला आणि त्या तीन कॅनांकडे पाहत राहिला. ते सीटवर ओळीने बसले होते, मुकाट. बऱ्याच वेळाने तो आत गेला, आईने कपाटात बांधून ठेवलेल्या हॉस्पिटलच्या फाइलीची गाठ सोडली आणि पहिलंच पान पाहिलं. हणमंतराव हुलसूरकर, वय चौसष्ट. वजन एकसष्ट किलो.

५

बाबांची एक सवय होती, आणि ती परागला कधी आवडली नव्हती.

तीस वर्षं बाबा रोज सकाळी काचीगुड्याहून उप्पलकडे आपल्या सरकारी कचेरीत याच गाडीने गेले. गाडी रिकामी न्यायची नाही, असा त्यांचा नेम. रामंतापूरच्या थांब्याशी गाडी हळू करायची, मागे हात घालून डावं दार उघडायचं आणि उभ्या असलेल्यांना म्हणायचं, “आओ, बैठो. रास्ते में छोड़ देता हूँ.” कोण, कुठला, विचारायचं नाही. कारकून, गवंडी, भाजीवाल्या, कॉलेजची पोरं. शाळेत असताना पराग पुढे बसलेला असायचा. मागे अनोळखी माणसं एकमेकांना सरकायला सांगत कोंबून बसायची आणि त्याच्या मानेवर त्यांचे श्वास यायचे.

“आपण काय टॅक्सी आहोत का?” तो घरी येऊन भांडायचा.

“जागा आहे तर बसू दे ना,” बाबा म्हणायचे. त्यापुढे ते वाद घालत नसत.

बाबा गेले तेव्हा पराग कुकटपल्लीला भाड्याच्या खोलीत राहत होता. दहा दिवस ते हॉस्पिटलात होते, आणि त्यांतले सहा दिवस त्याने कामाच्या घाईत काढले होते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रिकाम्या घरात मात्र ते रोज संध्याकाळी आपलं आपण समोर येऊन बसायचं.

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन आला.

“जेवलास का?”

“जेवलो. आई, एक विचारू? बाबा गाडीत मागे बसायचे का गं कधी? डावीकडे?”

“मागं?” आई हसली. “छे! मागं ते रस्त्यावरचे लोक बसायचे. तुझे बाबा जन्मात कधी मागं बसले नाहीत. अंबाजीलासुद्धा चालवू द्यायचे नाहीत. का रे?”

“काही नाही. सहज.”

“पराग, आवाज असा काय येतोय तुझा? बेटा, ती गाडी राहू दे तिथंच. तू ये फक्त.”

“आणतो ना, आई. तुला दिलेला शब्द आहे.” त्याने खिडकीतून पोर्चमधल्या गाडीकडे पाहिलं. “बघच तू, काय घेऊन येतो ते.”

फोन ठेवल्यावर आईच्या बोलण्याचा त्याने विचार केला नाही असं नाही. केला. पण उत्तर तयार होतं. तेव्हा चालवणारे बाबा होते, आता चालवणारा मी आहे. मग ते बसणार कुठे? त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली.

६

“तीन अंशाची पाचर?” शनिवारी सकाळी पोर्चमध्ये अंबाजीने लोखंडाचे तुकडे हातात तोलले. “ही टाकली की मागं माणूस असताना शाफ्ट सरळ होईल, बरोबर. पण रिकामी गाडी थरथरंल की.”

“रिकामी नाही चालवणार.”

“पुण्याला कोण येतंय संगं?”

पराग हसला. अंबाजीला ते हसू आवडलं नसावं. त्याने पाचरी पाट्यांखाली बसवल्या, बोल्ट आवळले, हात पुसले आणि चहा न घेताच फाटकाकडे निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, “बेटा, मी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करायलोय. गाडी जशी रिकामी उभी असती ना, तशी ती नीट करायची. बाकीचं आपण ठरवायचं नसतं.”

“मामा, गाडी जो बोजा वाहते त्याच बोज्यावर कोन मोजायचा. पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तकात बोजा कुणाचा ते पण लिहिलंय का?” असं म्हणून तो गेला.

तो गेल्यावर परागने दोन्ही चाचण्या घेतल्या. पुलावर, एकटा : थरथर. उप्पलच्या रस्त्याला, रामंतापूरच्या पुढे : काही नाही. साठ, बासष्ट, पासष्ट. आरसा असा स्थिर की त्यात मागच्या काचेवरची धूळ मोजता आली असती. त्याने मोजली नाही. आरसा त्याने छताकडे वळवून ठेवला. बाबांना कुणी टक लावून पाहिलेलं आवडायचं नाही.

तो मोठ्याने बोलत गेला. नोकरी का सोडली ते सांगितलं. त्या सहा दिवसांचं सांगितलं, आणि सांगताना घटकेसरचा फाटा कधी मागे पडला ते त्याला कळलं नाही. गाडी काही बोलत नव्हती. पण ती थरथरत नव्हती, आणि याचा अर्थ त्याला मोजून माहीत होता.

अडचण एकच होती. घरी पोचेपर्यंत डावी बाजू पुन्हा वर आलेली असायची. परतीच्या वाटेवर कुठेतरी बाबा उतरत होते. पुण्याचा रस्ता तर उलट्या दिशेला, पश्चिमेला. तेव्हा त्यांना नीट बोलावून, दार उघडून घ्यावं लागणार होतं. आजवर आपण तिथे गाडी थांबवलीसुद्धा नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

७

रविवारी सकाळी साडेसहाला रामंतापूरच्या थांब्यावर कुणी नव्हतं. पत्र्याची शेड, तिच्याखाली सिमेंटचा बाक, बाकाखाली एक झोपलेलं कुत्रं. परागने गाडी अगदी कडेला लावली. इंजिन चालू ठेवलं. मागे हात घालून डाव्या दाराची कडी ओढली. दार उघडून बाहेर झुकलं.

काय म्हणायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. तोंडात आलं ते बाबांचंच वाक्य.

“आओ, बैठो,” तो म्हणाला. पुढचं मात्र त्याचं स्वतःचं होतं. “पुण्याला जायचंय. सगळे वाट बघताहेत.”

कुत्र्याने मान वर केली. उठलं, आळस दिला नाही, भुंकलं नाही. रस्ता ओलांडून पलीकडे गेलं.

सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. पराग समोर पाहत राहिला. पुन्हा एक कुरकुर. मग आणखी एक, लांबलेली, सीटच्या डाव्या टोकापासून उजवीकडे येत गेलेली. बाबा नीट सावरून बसताहेत, त्याला वाटलं. किती वेळ लागतोय. पाय दुखत असतील.

वाऱ्याची झुळूक नव्हती तरी दार आपलं आपण लागलं.

८

शहरात साठचा वेग मिळत नाही. तारनाका, सिकंदराबाद, बेगमपेट, सगळीकडे सिग्नल. पराग निवांत होता. स्टिअरिंग आज हलकं लागत होतं, पुढची चाकं रस्त्यावर जेमतेम टेकलीत असं. काल हवा जरा जास्त भरली गेली असेल. कुकटपल्लीच्या पुलावर चढताना गाडी दमली, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर घ्यावी लागली. जुनं इंजिन. डावीकडे त्याचा जुना कारखाना गेला. “हाच तो,” त्याने मागे न बघता सांगितलं.

आत उकडायला लागलं होतं. काचा उघड्या असूनही. हवेला एक वास होता : डब्यातली भाजी, चुना, ओल्या केसांचं तेल. शाळेत जाताना त्याच्या मानेमागे असायचा तोच. जुन्या रेक्झिनमध्ये वास मुरतात, ऊन लागलं की वर येतात. हे खरंही आहे.

पटांचेरू मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. पन्नास. पंचावन्न. पराग हसत होता.

साठला गाडी थरथरायला लागली.

आधीपेक्षा जोरात. सीट, स्टिअरिंग, दारांच्या काचा, सगळं. डॅशबोर्डवरचा गणपती घसरत घसरत खाली पडला. त्याने पाय काढला, गाडी पन्नासवर आणली, पुन्हा साठ. तेच. छताकडे वळवलेला आरसा हादऱ्यांनी आपोआप खाली आला आणि परागची नजर त्यात गेली. त्यात मागची काच दिसायला हवी होती, तिच्यामागे रस्ता, सकाळचा उजेड. उजेड नव्हता. आरसा इतका हलत होता की काही नीट दिसेना. काळपट काहीतरी होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

त्याने नजर काढून घेतली. विचार कर, त्याने स्वतःला सांगितलं. कोन साठ किलोला बसवलाय. कोन बिघडला, म्हणजे बोजा साठ किलो नाही. बोजा एक तर कमी आहे, नाही तर जास्त.

जास्त कसा असेल? कमीच असणार. म्हणजे बाबा उतरले. कुकटपल्लीला उतरले असतील, त्या कारखान्यासमोर. मी तो दाखवला म्हणून. किंवा बसलेच नसतील. त्या कुरकुरीला मी उगाच नाव दिलं.

त्याला रडू यायला लागलं. एवढं सगळं करून तो एकटाच निघाला होता.

९

रस्त्याच्या कडेचा उतार मोजायला कामाचा नव्हता, उतारावरचं माप खोटं येतं. आणि खरं सांगायचं तर टेप घेऊन मागे जाऊन बसायची त्याची तयारी नव्हती. आकडा दुसऱ्या कुणीतरी वाचायला हवा होता. म्हणून ट्रकांचा वजनकाटा दिसल्याबरोबर त्याने गाडी आत घेतली.

लोखंडी फळी रिकामी होती. तिच्यापलीकडे एक खोली, खोलीला जाळीची खिडकी, खिडकीवर लाल आकड्यांची पट्टी. आत काट्यावरचा माणूस इडली खात बसला होता. तिथून त्याला फक्त आतल्या पट्टीवरचे आकडे आणि फळीची एक कड दिसत असावी.

“कार का वजन?” तो म्हणाला. “टाइमपास क्या, साब?”

“हाँ, कर दो. मैं उतरता हूँ.”

हिशोब परागला पाठ होता. गाडी, पेटी, हत्यारं, पेट्रोल मिळून बाराशे दहा किलो. बाबा असतील तर बाराशे सत्तर. तो गाडी फळीवर मधोमध लावून उतरला. दार लावलं. मागच्या खिडकीसमोरून जाताना जमिनीकडे पाहत चालला आणि खोलीच्या भिंतीशी, गाडीकडे पाठ करून उभा राहिला. बाराशे सत्तर, तो मनात म्हणत होता. बाराशे सत्तर येऊ दे.

वर मान केली.

पंधराशे ऐंशी.

मग सोळाशे दहा. मग पंधराशे नव्वद. लाल आकडे एका जागी राहीनात. फळीवरचा बोजा निश्चल झाल्याशिवाय आकडा ठरत नाही आणि चिठ्ठी निघत नाही, हे पराग कॉलेजात शिकला होता. वारा नव्हता. रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. त्याच्या पाठीमागे सीटच्या स्प्रिंगा हळू कुरकुरत होत्या, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

काट्यावरच्या माणसाने बोट चाटलं, आकड्यांकडे पाहिलं, थोडा वेळ वाट बघितली आणि कंटाळून जाळीतून म्हणाला, “अंदर के लोगां को बोलो ना साब, जरा हिलो नक्को. काँटा ठैरताइच नै.”